आधी फाळके दाखवा

दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट कसा काढला ते सांगणाऱ्या, परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’वरून आमच्या वाशिम जिल्ह्यातले सिनेमावेडे आजही हमरीतुमरीवर येतात. चित्रपट 2010 च्या जानेवारीत थिएटरांत लागला. ‘श्वास’नंतर भारतातर्फे ऑस्करसाठी निवडला गेलेला तो दुसरा मराठी चित्रपट. त्याला पंधरा वर्षं उलटली, पण वाद शिळा झालेला नाही. काहींना वाटतं, मूकपटाच्या जन्माची गोष्ट इतक्या मोकळ्या आनंदानं कुणी सांगितलीच नव्हती. काही जण तावातावानं विचारतात, दादासाहेब फाळक्यांच्या हालअपेष्टांचा असा खेळ कशाला केला? विम्याची पॉलिसी गहाण पडली, घरातल्या चीजवस्तू गेल्या, काही काळ डोळ्यांनी दिसेनासं झालं, आणि पडद्यावर मात्र सगळं हसतखेळत चाललंय! आणखी काहींची तक्रार निराळी आहे. त्यांना फाळक्यांचं पुढचं आयुष्य हवं होतं.

मी या वादात पहिल्या बाजूचा आहे, आणि का ते सांगतो. फाळके हे मुळात रडत बसणारे गृहस्थ नव्हते. जे. जे.मध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण, मग फोटोचा स्टुडिओ, शिळाछापाचा छापखाना, आणि मधल्या काळात जादूचे प्रयोग, असं करत हा माणूस सिनेमापर्यंत पोचला. गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी हलतील, या एकाच विचारानं त्यांना पछाडलं. 1912 मध्ये विलायतेला जाऊन कॅमेरा आणला. वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून तिचा छोटासा पट केला आणि तो दाखवून भांडवल उभं केलं. ज्याला वाटाण्याचं रोप वाढताना पाहूनही हर्ष होतो, त्याची गोष्ट मोकाशींनी हर्षानंच सांगितली, हे योग्यच झालं. नंदू माधव यांचे फाळके चालत नाहीत, जवळजवळ धावतात. विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई संसार सांभाळत त्या धावण्यात सामील होतात. कॅमेरा बहुतेक वेळा समोरून, नाटकाच्या प्रेक्षकासारखा पाहतो. मूकपटाचा तो तालच आहे. स्त्रीपार्ट करायला बाई मिळत नाही, म्हणून ग्रँट रोडच्या उपाहारगृहातले अण्णा साळुंके तारामती होतात. मिशी काढायला नट तयार नाहीत, कारण वडील हयात असताना मिशी कशी काढायची! सिनेमात काम करणं कमीपणाचं, म्हणून कुणी विचारलं तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ असं सांगायचं. हे प्रसंग रडक्या सुरात सांगितले असते तर खोटे वाटले असते.

आयुष्याच्या उत्तरार्धाची तक्रार मात्र मला खरी वाटते. भागीदारांशी बिनसणं, सगळं सोडून काशीला निघून जाणं, परत येणं, बोलपटांच्या लाटेत मागं पडणं, 1937 चा ‘गंगावतरण’ हा शेवटचा बोलपट आणि 1944 साली नाशिकमध्ये झालेला उपेक्षित शेवट, एवढी सामग्री आहे. पण तो दुसरा चित्रपट आहे. तो कुणीतरी करावा. तो केला नाही हा या चित्रपटाचा दोष नव्हे.

मूकपटाला मानवंदना देणारे चित्रपट अधूनमधून येत असतात आणि प्रत्येक वेळी प्रेक्षक असेच दुभंगतात. आमच्या पिढीला दूरदर्शनमुळे माहीत झालेला ‘पुष्पक’ 1987 चा. सिंगीतम श्रीनिवास राव यांनी कमल हासनला घेऊन एकही संवाद नसलेला चित्रपट केला आणि तो भाषेची कुंपणं ओलांडून देशभर चालला. त्यातला एक प्रसंग कुणालाही विचारा, आठवतो. थिएटरला लागून असलेल्या लॉजमधल्या कोंदट खोलीत राहणारा हा बेकार तरुण एका श्रीमंताच्या जागी पंचतारांकित हॉटेलात जाऊन पडतो, पण तिथल्या शांततेत त्याला झोप लागत नाही. मग तो परत जाऊन थिएटरातला गोंगाट टेपरेकॉर्डरवर भरून आणतो, उशाशी लावतो आणि ढाराढूर झोपतो. चित्रपटात कुणी बोलत नाही, पण आवाज मात्र कथेचं काम करतो. तरीही ‘हा काही खरा मूकपट नव्हे, यात तर भांडी वाजतात, गाड्या वाजतात’ असं म्हणणारे भेटतातच. मिशेल हझानाविसियस यांचा ‘द आर्टिस्ट’ 2011 साली आला, कृष्णधवल, जुन्या चौकोनी आकाराचा, पाच ऑस्कर घेऊन गेला. इंग्लंडात लिव्हरपूलमधल्या काही प्रेक्षकांनी मात्र चित्रपटात कुणी बोलतच नाही म्हणून तिकिटाचे पैसे परत मागितले होते. आपल्याकडे किशोर पांडुरंग बेळेकर या मराठी दिग्दर्शकानं विजय सेतुपती, अरविंद स्वामी, अदिती राव हैदरी आणि सिद्धार्थ जाधव यांना घेऊन ‘गांधी टॉक्स’ हा संवादाविना चित्रपट केला. ए. आर. रेहमान यांचं संगीत असलेला हा चित्रपट 2023 च्या गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. शंभर वर्षांनंतरही कुणा मराठी माणसाला संवाद बाजूला ठेवून गोष्ट सांगावीशी वाटते, याचा मला मनापासून आनंद आहे.

माझा खरा मुद्दा पुढं आहे. या सगळ्या चित्रपटांवर आपण मतं देतो, पण ज्याला ही मानवंदना आहे तो मूकपट आपल्यापैकी किती जणांनी पाहिलाय? मी वाशिम, कारंजा, रिसोडकडच्या ज्या ज्या सिनेमावेड्यांशी बोललो, त्यांच्यापैकी बहुतेकांनी फाळके पाहिलेत ते मोबाइलवरच्या तुकड्यांत. तेही चुकीच्या वेगानं आणि कुठलंतरी भलतंच संगीत चिकटवलेल्या तुकड्यांत. त्यामुळं दोन गैरसमज पक्के बसलेत. एक, मूकपटातली माणसं तुरुतुरु पळतात. तसं ती पळत नव्हती. कॅमेरा हातानं फिरवत, सेकंदाला साधारण सोळा ते अठरा चित्रं घेत. पुढं बोलपटासाठी चोवीसचा वेग ठरला आणि जुनी रिळं त्याच वेगानं फिरवली की आजोबा पळू लागतात. (‘द आर्टिस्ट’ तर त्या सवयीचा मान राखायला मुद्दाम बावीसच्या वेगानं टिपला होता.) दुसरा गैरसमज, मूकपट निःशब्द शांततेत पाहायचे. थिएटरात पेटी असे, तबला असे, मोठ्या शहरांत पियानो असे. मधल्या पाट्या वाचता न येणाऱ्यांसाठी कुणीतरी त्या मोठ्यानं वाचून दाखवी. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा त्याच्या जोडीला नाच आणि कसरतीचे खेळ होते. सुरतेत पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. कारण दोन आण्यांत सहा तासांचं नाटक पाहणाऱ्या लोकांना तीन आण्यांत दीड तासाचा खेळ परवडणारा वाटेना. मग फाळक्यांनी जाहिरात बदलली आणि सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ तीन आण्यांत, असा हिशेब लोकांपुढं मांडला. गर्दी लोटली. असा गजबजलेला, घासाघीस करणारा, आरडाओरडा करणारा हा मूक सिनेमा होता. तो पाहिलाच नाही, तर ‘फॅक्टरी’तली धावपळ खरी की उसनी, हे ठरवणार कशावरून?

मला पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातला ‘कालिया मर्दन’ विशेष प्रिय आहे. 1919 चा हा पट फाळक्यांच्या कामांपैकी सर्वांत जास्त शाबूत राहिलेला. त्याची सुरुवातच पाहण्यासारखी आहे. गोष्ट सुरू व्हायच्या आधी फाळके आपल्या मुलीला, मंदाकिनीला, कॅमेऱ्यासमोर आणतात. सात वर्षांची पोर. तिचा नुसता चेहरा पडदाभर. ती हसते, रुसते, घाबरते, रागावते, एकामागून एक भाव बदलत जाते, आणि मग त्याच चेहऱ्यावर कृष्णाचा साज चढतो. बाप जणू सांगतोय, ही माझी लेक आहे आणि आता ती तुमचा कृष्ण होणार आहे, दोन्ही पाहून घ्या. पुढं कृष्ण डोहात उडी घेतो तेव्हा पाण्याखाली कालियाशी झुंज आणि काठावर जीव मुठीत धरून उभे असलेले लोक, अशी दोन्हींकडची दृश्यं आलटून पालटून येतात. पाण्याखालचा तो नाग बनावट आहे हे पोरालाही कळतं, आणि तरीही काठावरच्या यशोदेबरोबर आपला जीव टांगणीला लागतो. सत्तर-ऐंशी वर्षांनी आलेल्या पौराणिक मालिकांना जे जमलं नाही ते इथं हातानं फिरवलेल्या कॅमेऱ्यानं केलंय. हे पाहिलेला माणूस ‘त्या काळी काय तंत्र होतं’ असं पुन्हा कधी म्हणणार नाही.

आपल्याकडं एवढं तरी उरलंय, असंही म्हणता येत नाही, कारण जे उरलंय त्यावरही प्रश्न आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळं आज दाखवतात ती 1913 च्या मूळ पटाची की फाळक्यांनी 1917 साली नव्यानं काढलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले जेमतेम तीसेक आज हाताशी आहेत, तेही बरेचसे अर्धेमुर्धे. नायट्रेटची फिल्म भडकन पेटते. कित्येक रिळं जळाली, कित्येक कुजली, कित्येक चांदी काढून घेण्यासाठी विकली गेली. जी वाचली त्यांत पी. के. नायर यांचा वाटा फार मोठा. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि या माणसानं फाळक्यांच्या घरच्यांकडून, कुठकुठल्या गोदामांतून रिळं मिळवून आणली.

गेलेल्यांपैकी एका चित्रपटाचं दुःख वाशिमकरानं विशेष करावं. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’, 1925. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा, नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा. देवादिकांच्या आणि राजांच्या गोष्टींनी भरलेल्या त्या काळात बाबूरावांनी सावकारानं नाडलेल्या शेतकऱ्याची गोष्ट निवडली. जमीन जाते आणि शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. तो तरुण शेतकरी म्हणजे व्ही. शांताराम. ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांच्या आठवणींत रात्रीच्या अंधारातली एक उदास झोपडी आणि तिच्यासमोर रडणारं कुत्रं एवढं चित्र वर्षानुवर्षं राहिलं. 1936 साली बाबूरावांनीच त्याचा बोलपट केला, पण तो मूळ मूकपट आज नाही. सोयाबीन आणि तुरीच्या भावाकडं डोळे लावून बसलेल्या, कर्जानं घरंच्या घरं उठताना पाहिलेल्या या जिल्ह्यात तो एकदा पडद्यावर आला असता तर पाट्या वाचून दाखवायची गरज पडली नसती. लोकांनी आपणहून गोष्ट पुरी केली असती.

आणि हे मी उगीच म्हणत नाही. मूकपट दाखवायला वाशिमइतकी योग्य जागा मला दिसत नाही. इथं वऱ्हाडी बोलतात. मानोऱ्याच्या तांड्यांवर गोरमाटी बोलतात. कारंजा-मंगरुळपीरच्या मोहल्ल्यांत उर्दू ऐकू येते. शिरपूरच्या जैन तीर्थाला गुजरात-राजस्थानातली माणसं येतात. पोहरादेवीला तर सेवालाल महाराजांच्या दर्शनाला देशभरातून बंजारा समाज लोटतो, तेलंगणातला, कर्नाटकातला, मध्य प्रदेशातला. एवढ्या भाषांच्या माणसांना एकत्र बसवून हसवेल, रडवेल असा सिनेमा बोलपट आल्यावर दुर्मिळ झाला. ‘पुष्पक’ देशभर चालला तो याच कारणानं. आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी मूकपटाची वीस वर्षं हीच सिनेमाची खरी वर्षं होती. 1931 साली ‘आलमआरा’ आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच दिवशी ऐकू न येणाऱ्यांपुढं थिएटरचं दार अर्धं लागलं. मूकबधिर शाळेतल्या पोरांना ‘कालिया मर्दन’ दाखवा. त्यांना तो इतरांएवढाच कळेल, कदाचित जास्त कळेल, कारण चेहरा वाचायचं काम ती रोजच करतात.

आता मागणी. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानासाठी केंद्रानं 597 कोटींची तरतूद केली. जुन्या फिल्म दुरुस्त करणं, त्यांच्या डिजिटल प्रती काढणं असं काम त्यातून झालं. ते कौतुकाचंच आहे. पण दुरुस्त केलेलं चित्र दाखवायचं कुणाला? फ्रान्झ ऑस्टेन यांचा ‘शिराज’ हा 1928 चा मूकपट लंडनच्या एका संस्थेनं सुधारला आणि 2017 साली अनुष्का शंकर यांच्या प्रत्यक्ष वादनासह दाखवला. मग तो प्रयोग मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत आला. तिथं थांबला. फाळके महोत्सव, फाळक्यांची जयंती, सगळं मुंबई, नाशिक, पुणे याच तिकटीत फिरतं. त्या तिकटीबाहेरचा आमचा वाशिम 1998 मध्ये अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला, 2018 मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. या यादीत आरोग्य, शिक्षण, शेती, पाणी पाहतात, आणि ते आधीच पाहायला हवं. तरी शाळेच्या कामात चांगला सिनेमा बसत नाही असं म्हणणारा शिक्षक मला अजून भेटलेला नाही.

फाळक्यांची जयंती 30 एप्रिलला आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा वाढदिवस 3 मेला. दोन्ही धरून चार दिवस. वऱ्हाडात तेव्हा दिवसा बाहेर पडवत नाही, पण रात्री आठनंतर अंगणात, मैदानावर बसायला फार बरं वाटतं. पुण्याच्या संग्रहालयानं ‘कालिया मर्दन’ची प्रत द्यावी, बरोबर वेग सांभाळणारा माणूस द्यावा. जिल्हा प्रशासनानं पडदा, प्रोजेक्टर आणि जागा द्यावी. सहा तालुके आहेत, चार रात्रींत चार घ्या, उरलेले दोन पुढच्या वर्षी. संगीताला मुंबईहून कुणाला बोलवायची गरज नाही. गावोगावच्या भजनी मंडळांत पेटी आणि पखवाज वाजवणारे आहेत, त्यांना आदल्या दिवशी एकदा पट दाखवला की कुठं थांबायचं, कुठं वाढवायचं ते त्यांना सांगावं लागणार नाही. पाट्या इंग्रजी-हिंदीत असतात. त्या वाचायला वाशिमला वऱ्हाडी बोलणारी एक पोरगी, मानोऱ्याला गोरमाटी बोलणारा एक मास्तर आणि कारंजात उर्दू शाळेतला एक विद्यार्थी असावा. पहिली रांग मूकबधिर शाळांच्या मुलांसाठी राखून ठेवावी. आणि पाचव्या रात्री, त्यांतल्याच एका मैदानावर, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावावी. मग म्हणा काय म्हणायचं ते.